कापसाचा हात

कापूसकाकांचा हात शेवटपर्यंत हलका होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण मधलं जवळजवळ सबंध वर्ष त्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता, खुद्द काकांचाही नाही. सगळेजण त्या हाताच्या काळजीत गुंतलेले असताना काकांचा जीव मात्र हातचा गेला.

कापूसकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. संशोधन करायला येणाऱ्या मुलामुलींपैकी कुणीतरी कधीतरी ठेवलेलं, आणि ते चिकटलं. अंगाने म्हणाल तर कापसाशी दूरचाही संबंध नाही. ताडमाड उंच, हाडकुळे, आवाज असा की जिन्यावरून हाक मारली तर वरच्या मजल्यावरचे दचकायचे. पण हातात काचेची नळी आली की हाच माणूस श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. रक्तातल्या पेशी हाताळण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि पेशींशी दांडगाई चालत नाही.

प्रयोगशाळेचा सगळा डोलारा एका प्रथिनावर उभा होता. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची माळ. त्या जातीच्या प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. काका त्याला मुकादम म्हणायचे आणि बाहेरचे पाहुणे नसले की प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमही मुकादमच म्हणायच्या. हा मुकादम असतो पेशीच्या आत, पण कचेरीच्या दाराबाहेर. कचेरी म्हणजे पेशीचं केंद्रक, जिथे जनुकांचा सगळा कारभार चालतो. शरीरात जंतू घुसला, आरडाओरड झाली, की पहारेकरी पेशीतला मुकादम कचेरीत शिरतो आणि हुकूम सोडतो, उठा, वाढा, हत्यारं काढा. काम झालं की निमूट बाहेर येऊन बसतो. निरोगी माणसाच्या पेशींची ही रीत. काही कर्करोगांच्या पेशींत मात्र मुकादम कचेरीतच ठाण मांडतो. कुणी बोलावलेलं नाही, कसली आरोळी नाही, आणि हा आत बसून एकच घोकतोय, वाढा, मरू नका, वाढा.

त्याला बाहेर कसं काढायचं, हा प्रयोगशाळेचा उद्योग. बाहेर काढणारी औषधं होती. पण ती कर्करोगाच्या पेशीतला मुकादम हुसकावतात तशी पहारेकऱ्यांचाही हुसकावतात. म्हणजे चोर पकडायचा तर पहारा झोपवायचा. या अडचणीपुढे मॅडमचे केस पांढरे झाले होते आणि काकांचे गळाले होते.

काकांचं काम त्यातलं पहिलं आणि सगळ्यात नाजूक. एका जड, पारदर्शक द्रावावर रक्त अलगद सोडायचं, असं की दोन्ही थर एकमेकांना शिवता कामा नयेत. मग नळी यंत्रात घालून फिरवायची. तांबड्या पेशी तळाला जातात आणि मध्यावर पांढुरक्या पेशींचं एक कडं तरंगतं. ते कडं उचलायचं. अर्ध्या पेशी तशाच झोपू द्यायच्या, अर्ध्यांना आरोळी ऐकवायची, म्हणजे एक रसायन घालायचं. शेवटी पेशी प्लेटवर पसरून केंद्रक निळं रंगवायचं आणि मुकादम हिरवा. झोपलेल्या पेशीत निळ्याभोवती हिरवी कडा दिसते. जाग्या पेशीत हिरवं निळ्याच्या आत गेलेलं असतं. मात्र उचलताना धक्का बसला, द्राव जोरात ओढला, तरी पेशी दचकून जाग्या होतात. म्हणून नियम होता, आणि तो काकांनीच मॅडमच्या गळी उतरवला होता, की निरोगी रक्ताच्या झोपलेल्या पेशी जाग्या दिसल्या तर काम करणाऱ्याचा हात जड पडला असं समजायचं आणि अख्खी प्लेट फेकून द्यायची. वर्षानुवर्षं ही प्लेट फेकायची वेळ दुसऱ्यांवर यायची. काकांवर नाही.

आता निरोगी रक्त आणायचं कुठून? तर घरचंच वापरायचं, अशी तिथली पद्धत पडून गेली होती. मुलांना सुई दिसली की घेरी यायची, मॅडमची शीर म्हणे सापडायचीच नाही, राहता राहिले काका. दर आठवड्याला बाही वर सरकवून खुर्चीत बसायचे. "ठीक आहात ना काका?" एवढीच काय ती तपासणी.

"मला काय धाड भरलीय!" हे ठरलेलं उत्तर.

आणि खरंच धाड भरलेली नव्हती. आलेखांत सगळ्यात खाली जी सरळ काळी रेघ असायची ती काकांची. रोग्यांच्या रेघा तिच्यापासून किती लांब जातात, ते मोजायचं. निरोगीपणा म्हणजे काय, तर काका. याचा त्यांना अभिमान होता, आणि घरी तो बोलून दाखवायची एकही संधी ते सोडत नसत. बायकोने गोडावरून टोकलं की म्हणायचे, "अगं, माझ्या रक्तावर लोक डॉक्टर होतात, आणि तू मला साखर शिकवतेस?"

सुरुवात मोठी छान झाली, हेच जास्त चीड आणणारं आहे. नळीतलं ते पांढुरकं कडं जाड दिसायला लागलं. आधी नखाच्या पापुद्र्याएवढं असायचं, ते आता चांगलं सायीसारखं यायला लागलं. जितक्या जास्त पेशी तितका प्रयोग सोपा, म्हणून सगळे खूश. चश्मिष नावाची एक संशोधक मुलगी होती, नावाप्रमाणे जाड भिंगाची, सूक्ष्मदर्शकावर तीच बसायची. ती म्हणाली, "काका, काय हातगुण आहे हो तुमचा! इतकं भरघोस कडं मी कुणाचं पाहिलं नाही." काका लाजले. ताडमाड माणूस लाजला की फार बावळट दिसतो, तसे दिसले.

मग एके दिवशी चश्मिषने सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली ती जरा चाचरतच. "काका, या झोपलेल्या ना? पण यांच्यात मुकादम आत आहे."

काकांनी डोळा लावला. निळ्याच्या आत हिरवं. सगळ्याच पेशींत नाही, पण बऱ्याच. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माझाच धक्का लागला असेल," ते म्हणाले आणि प्लेट उचलून स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. काकांनी रंगाची बाटली बदलली, द्राव बदलला, यंत्र तपासून घेतलं, नवीन नळ्या मागवल्या. डोळ्यांचा डॉक्टर झाला, चष्म्याचा नंबर तोच निघाला. चहा सोडला, म्हटलं हात कापत असेल. प्लेट काही सुधारेना. मॅडम आधी म्हणाल्या, "होतं एखाद्या वेळी." नंतर म्हणाल्या, "जरा दमानं घ्या." त्यानंतर काहीच म्हणेनाशा झाल्या, आणि ते काकांना जास्त लागलं. मॅडम वाईट नव्हत्या. राग काढायला त्या सोयीच्या आहेत एवढंच, पण नियम सगळ्यांचा होता. निरोगी रक्त बिघडलं तर दोष हाताचा. रक्ताचा असू शकतो हे त्या नियमात बसतच नव्हतं, कारण रक्त निरोगी आहे इथूनच तर नियम सुरू व्हायचा.

काकांनी ते मनाला लावून घेतलं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेले मांडून बसायचे. पेल्यात साखरेचा घट्ट पाक, त्यावर रंगीत पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. ते बायकोचं टेबल, बायकोची साखर आणि बायकोचाच खाण्याचा रंग, तेव्हा तिने बघावं हे ओघानं आलं. ती ओल्या हातांनी बाजूला उभी राहून बघायची. थर असे बसायचे की मधली रेघ सुरीने कापल्यासारखी.

"बघ, जरा तरी हललं का?"

"नाही."

"मग तिथे का बिघडतं?"

ती त्यांच्याकडे बघत राहायची. ते वाळले होते. कॉलर मानेभोवती सैल फिरायची. झोपेत इतका घाम यायचा की ती रोज सकाळी उशीचा अभ्रा काढून बादलीत टाकायची. काका म्हणायचे, काळजीने फुटतो घाम, हात सुधारला की थांबेल. तिला ते पटायचं, कारण नवरा कामाचा किती कीस काढतो हे तिने जन्मभर पाहिलं होतं. एकदा त्यांना हसवायला म्हणून ती म्हणाली, "अहो, हाताला कशाला बोल लावता? तुमचं रक्तच बिघडलं असेल. या वयात पुरुषांची डोकी फिरतात, तुमचं रक्त फिरलं."

दोघं पोट धरून हसले. कितीतरी आठवड्यांनी काका असे हसले होते. तिला बरं वाटलं.

शेवटी मॅडमनी मार्ग काढला. रक्त चश्मिषचं घ्यायचं आणि काम काकांनीच करायचं, बघू या काय होतं ते. चश्मिषने डोळे गच्च मिटून दंड पुढे केला. काकांनी थर लावले. कडं आलं, पूर्वीसारखं, नखाच्या पापुद्र्याएवढं. ते उचलताना काकांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. रंग चढवले, प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली गेली, आणि चश्मिष खुर्चीवरून उठून नाचायलाच लागली. निळ्याभोवती हिरवी कडा, एकूण एक पेशी गाढ झोपलेली.

"काका, हात परत आला!"

मॅडमनी केक मागवला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणापासून लपवावंसंही त्यांना वाटलं नाही. मुलं टाळ्या वाजवत होती, कुणीतरी त्यांच्या हातमोज्याला हळद लावल्यासारखं केकचं क्रीम फासलं. आणि त्या खोलीत इतकी शिकलेली डोकी असताना, मुकादम आत का बसतो यावर आयुष्य काढलेली डोकी असताना, एकाच्याही मनात पुढचा साधा प्रश्न आला नाही. हात चांगला होता, तर मग बिघडलं होतं काय? काकांच्याही मनात आला नाही. त्यांना हात परत हवा होता. तो मिळाला, झालं. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की माणूस प्रश्नाकडे वळून बघत नाही, आणि याला हुशारीचा काहीच उपाय नाही.

केकचा एक तुकडा कागदात गुंडाळून ते घरी घेऊन गेले. बायकोने तो उभ्याउभ्याच खाल्ला. "म्हटलं नव्हतं मी, हाताला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

त्यानंतर निरोगी रक्त चश्मिषचं असायचं. काकांना कुणी विचारलं नाही, त्यांनीही पुढे केलं नाही. हात चांगला चालला होता. घाम मात्र थांबला नाही.

दाढी करताना मानेला गाठ लागली. मग दुसऱ्या बाजूला. बायको त्यांना ओढतच इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गाठीचा तुकडा काढला, आणि समोर बसवून सांगितलं. लसिकापेशींचा, म्हणजे पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच कर्करोग. आधी तो संथ होता, रक्तातच वाढत होता, बहुतेक बराच काळ. आता त्याने रूप पालटलं आहे आणि वेग घेतला आहे.

"संथ असताना सापडला असता तर पुष्कळ वर्षं ताब्यात ठेवता येतो," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा बहुतेकांना काही जाणवतच नाही. साधी रक्ततपासणी केली तरी दिसतं. पांढऱ्या पेशी बघा किती वाढल्यात तुमच्या."

काका त्या आकड्याकडे बघत होते, पण त्यांना दिसत होतं ते कडं. जाड, सायीसारखं, भरघोस. सगळ्यांनी कौतुक केलेलं. त्यांनी तो कागद उलटा करून टेबलावर ठेवला. बायकोला वाटलं, रोगाच्या नावाचीच धास्ती घेतली असेल. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं, "पण आता कळलंय ना? आता करता येईल ना काहीतरी?"

"करू ना," डॉक्टर म्हणाले. पण बोलताना ते खिडकीकडे बघत होते.

काकांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मॅडमना सांगितलं. मॅडमना समजायला वेळ लागला नाही. रोग सांगितला तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि क्षणभराने आणखी काहीतरी लक्षात येऊन तो असा पांढरा पडला की काकांनाच त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "केकच्या दिवशी. निदान त्या दिवशी."

"मीही."

"तुम्ही रोज विचारत होता. मीच..."

"मॅडम, एवढंच करा. घरी कधी आलात तर हे बोलू नका. ती आधीच अर्धी झालीय."

मॅडमनी मान डोलावली आणि रडल्या. काकांना रडू आलं नाही. त्यांना लाल पिशव्या आठवत होत्या. किती प्लेटा आपण आपल्या हाताने टाकल्या, आणि प्रत्येक वेळी मनात काय म्हटलं, तर म्हाताऱ्या, हात जड झाला तुझा.

औषध सुरू झालं. ते मुकादमाला हुसकावणाऱ्या जातीचंच होतं, आणि त्याचं पुढे काय होतं हे काकांना पाठ होतं. गाठी आधी उतरल्या. बायकोने आनंदाने मुलीला फोन केला. मुलगी दूर राहायची, ती फोनवर हसत होती, रडत होती. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. गाठी उतरल्या म्हणजे मुकादम कचेरीबाहेर निघाला, आणि निघाला तो सगळीकडूनच. पहाराही झोपला. हे त्यांनी कितीतरी प्लेटांवर स्वतः रंगवलं होतं, निळ्याभोवती हिरवी कडा, आरोळी दिली तरी हलत नाही. प्लेटवर ते फार सुबक दिसायचं.

मग ताप आला. उतरला, पुन्हा आला. खोकला छातीत बसला. बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला लागली. खिडकीच्या फटी तिने कागदाने बुजवल्या, जणू रोग बाहेरूनच आत येणार होता. डॉक्टरांनी औषध थांबवलं, तर गाठी परत फुगल्या. सुरू केलं, तर ताप. यापेक्षा तिसरं काही त्यांच्याकडे नव्हतं, आणि आहे असं त्यांनी भासवलंही नाही, एवढी त्यांची मेहेरबानी.

औषध थांबलेलं असतानाच चश्मिष आली, तोंडाला फडकं बांधून. ती उंबऱ्यावरच घुटमळली. मॅडमनी पाठवलं होतं, पण मॅडमना स्वतः यायचा धीर झाला नव्हता. काकांचं रक्त हवं होतं. आता रोग्याचं म्हणून.

बायको भडकली. "अजून रक्त हवंय? जन्मभर दिलं ते पुरलं नाही का तुम्हाला? आता उरलंय काय त्या अंगात!"

"देऊ दे गं," आतून काका म्हणाले. आवाज पार बसला होता. जिन्यावर घुमणारा तो आवाज आता पलंगाच्या कडेपर्यंतही पोहोचत नव्हता. "घे पोरी. फक्त झाल्यावर मला दाखव."

चश्मिषला शीर पहिल्याच वेळी सापडली. दोन दिवसांनी ती परत आली आणि तिने फोनवर चित्र उघडून काकांपुढे धरलं. काळ्यावर निळे ठिपके, आणि प्रत्येक निळ्याच्या आत हिरवा उजेड. या झोपलेल्या पेशी होत्या, यांना कसलीही आरोळी दिलेली नव्हती.

"थर कुणी लावले?"

"मीच."

काकांनी चित्र मोठं केलं, एका पेशीवरून दुसरीवर सरकले. त्यांना काम तपासायची सवय होती आणि ती अजून सुटली नव्हती. "स्वच्छ आहे. हात हलका आहे तुझा. आणि हे बघ, चित्र सगळं तेच आहे. तेव्हाचंच." त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान उमटलं. "म्हणजे माझाही हलकाच होता."

चश्मिषने मान खाली घातली. बायको औषधाचा पेला घेऊन आली होती, ती खांद्यावरून डोकावली. तिने ही चित्रं कधी पाहिली नव्हती. जन्मभर ऐकलं मात्र होतं, निळं आणि हिरवं, आत आणि बाहेर.

"सुंदर दिसतंय हो," ती म्हणाली. "हे काय आहे?"

"हा मी."

काकांनी बोट ठेवून दाखवलं, हा मुकादम, हा आत बसलाय, हाच तो रोग. आता लपवण्यात काही राम उरला नव्हता, किंवा त्यांना दम उरला नव्हता.

"तेव्हाचंच म्हणजे?" बायकोने विचारलं. "हे तुम्हाला आधी दिसलं होतं?"

"दर आठवड्याला. सबंध वर्ष."

तिला ते पेले आठवले, साखरेचा पाक आठवला, पोट धरून हसलेलं आठवलं, आणि कागदात गुंडाळून आणलेला केक आठवला, जो तिने उभ्याउभ्याच खाल्ला होता. पेल्यातलं औषध तिच्या मनगटावर सांडलं.

"आणि मग?" ती म्हणाली. "दिसलं, मग काय केलंत तुम्ही?"

काकांनी फोन चश्मिषला परत दिला आणि आपले दोन्ही हात पांघरुणावर पालथे ठेवले. ते अजिबात कापत नव्हते.

"फेकून देत होतो," ते म्हणाले.